नत्थू खोब्रागडेचे उरलेले नंबर

बुधवार, १२ मार्च. दुपारी दोन वाजून सतरा मिनिटांनी रायपूरजवळ भनपुरीच्या पुढच्या रेल्वे फाटकावर गेटमन नत्थू खोब्रागडे कोळशाच्या मालगाडीखाली सापडला. वय छप्पन्न. रुळांत अडकलेली ऑटो त्याने खांदा लावून पलीकडे ढकलली. ऑटोत बीरगांवच्या कारखान्यात जाणाऱ्या पाच बाया होत्या, त्या वाचल्या. त्याला स्वतःला बाजूला व्हायला वेळ उरला नाही. फाटक उघडं होतं.

इथपर्यंत सगळ्यांच्या जबान्या सारख्या होत्या. फाटक उघडं का होतं, हे एकट्या शेखर देशकरला माहीत होतं.

शेखर दोन किलोमीटरवरच्या लहानशा स्टेशनचा मास्तर. गाडी सोडण्याआधी त्याने फाटकावर फोन करायचा. गेटमनने दांडे खाली पाडायचे, कुलूप लावायचं आणि आपल्याजवळच्या छापील कागदावरचा पुढचा दोन आकडी नंबर सांगून तो खोडायचा. मास्तरने नंबर रजिस्टरात लिहिला, की मग सिग्नल. आकडे कसेही उलटसुलट छापलेले असतात. पुढचा कोणता, हे कागद ज्याच्या हातात त्यालाच कळतं. नंबर दिला म्हणजे फाटक बंद आहे, असा गेटमनने शब्द दिला.

घाईच्या दिवशी काही मास्तर चार-पाच नंबर आधीच मागून घेतात. नियमात बसत नाही, पण चालतं. नत्थूकडे तेरा वर्षं ते चाललं नव्हतं.

"दांडा पडल्याबिगर नंबर भेटत नाही, साहेब."

"फौजी, बॉर्डर नाही हे. भनपुरी आहे."

"म्हणूनच सांगून राहिलो."

तो कारगिलला होता, हे सगळ्या लायनीवर ठाऊक होतं. तिथे काय झालं, ते मात्र त्याने एकदाच सांगितलं, शेखरला, चहा पिताना. वायरलेसवर वरून विचारणा झाली, रस्ता मोकळा आहे का. समोर धुकं होतं. त्याने न पाहताच 'मोकळा' म्हणून सांगितलं. तिघं वर गेले, ते परत आले नाहीत. "तवापासून डोळ्यानं पाह्यल्याबिगर मी बोलत नाही," असं म्हणून त्याने कप विसळून उपडा ठेवला होता.

१२ मार्चला सकाळपासून गाड्या तुंबल्या होत्या. गाड्या हलवणारं कंट्रोल ऑफिस शेखरला झापत होतं. दुपारी एकच्या सुमारास त्याने फाटकावर फोन करून चार नंबर एकदम मागितले. नत्थू नाही म्हणाला. तेव्हा शेखरच्या तोंडून निघून गेलं, "तिघांच्या वेळी न पाहता जीभ चालली ना तुमची? आता काय झालं?"

नत्थूने सावकाश आकडे वाचले. चार-एक. शून्य-नऊ. सात-सहा. सहा-तीन.

"फोन मात्र हरेक गाडीले करजा, साहेब."

पहिल्या दोन गाड्यांना शेखरने फोन केला. तिसरी कोळशाची. नंबर हातात होता, फोन राहून गेला.

चौकशीत रजिस्टर पाहिलं गेलं. कोळशाच्या गाडीसमोर ७६, वेळ दोन अकरा. म्हणजे गेटमनने नंबर दिला आणि फाटक उघडं ठेवलं. दोष गेटमनचा. शेखरने सही केली. बापाच्या जागी नोकरीसाठी नत्थूच्या मुलीने, सरिताने अर्ज केला होता. तो त्या एका शेऱ्यावर अडकला.

२४ मार्चला दुपारी शेखरने फाटकावर फोन लावला. तिथे आता अश्विन नावाचा नवा गेटमन होता.

"दांडा पडला, साहेब. सहा-तीन."

शेखरने ६३ लिहिलं, सिग्नल दिला. मिनिटभरात फोन वाजला.

"सर, गेट बंद है. नंबर लिखिए, दो-नौ."

"आता तर दिलास की."

"मैंने? मैं तो अभी बाहर से आ रहा हूँ, सर. डंडा पहले से गिरा हुआ था."

शेखरने रजिस्टराकडे पाहिलं. ६३. नत्थूचा हा चौथा नंबर त्याने १२ मार्चला एका चिठोऱ्यावर टिपला होता, आणि चिठोरं संध्याकाळीच फाडून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी अठरा आला. मग नव्वद. मग पस्तीस. फक्त शेखरच्या ड्यूटीत आणि फक्त दुपारी. आवाजामागे वारा असायचा, झाडं नसलेल्या उंच जागी असतो तसा, बारीक आणि एकसारखा. बाहेर रायपूर भाजून निघत होतं आणि कानाला लावलेला रिसीव्हर गार पडायचा. फाटक दर वेळी बंद असायचं. शेखर आलेला प्रत्येक नंबर लिहीत गेला. न लिहिण्याची हिंमत त्याला झाली नाही.

३ एप्रिलला कागदपत्रं पडताळायला त्याला चौकशीच्या कार्यालयात बोलावलं. साहेबांनी त्याच्यासमोर अपघाताच्या दिवसापासून मोहोरबंद असलेलं पाकीट फोडून नत्थूचा कागद टेबलावर ठेवला. ४१, ०९, ७६, ६३ खोडलेले होते. त्यांच्या खाली न खोडलेले १८, ९०, ३५.

"पाणी हवंय का, देशकर?" साहेबांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी नत्थूची बायको भीमाबाई सरिताला घेऊन स्टेशनवर आली. ती बसली नाही.

"फाटक उघडं ठेवून नंबर देणारा माणूस नोहोता तो. तुमाले तं माहीत हाय. तेवढं लिहून द्या, साहेब. पोट्टीचं काम अडकलं हाय."

"बघतो," शेखर म्हणाला.

"चल ना आई," सरिता म्हणाली. "सर लोग देखते हैं, लिखते नहीं."

तेवढ्यात फाटकाचा फोन वाजला. गाडी कुठलीच नव्हती. भीमाबाई त्याच्याकडे पाहत होती, म्हणून शेखरला उचलावा लागला.

"लिहा, साहेब."

एवढंच. नंबर नाही. मागे वारा.

त्या संध्याकाळी तो लिहायला बसला. पहिल्या कागदावर सगळं होतं: टोमणा, चार नंबर, राहिलेला फोन. तो त्याने फाडला. दुसराही फाडला. तिसरा त्याने नेऊन दिला. त्यात एकच वाक्य कामाचं होतं: 'चार नंबर परस्पर संमतीने आगाऊ घेण्यात आले.'

परस्पर संमतीने. म्हणजे दोष दोघांचा. शेखर निलंबित झाला. सरिताचा अर्ज होता तिथेच राहिला.

त्याच्या खुर्चीवर क्षमा नावाची मास्तरीण आली. १७ एप्रिलला सकाळी अकराला तिने शेखरला पंडरीच्या घरी फोन केला.

"देशकर, फाटकावर अश्विनशिवाय दुसरं कोणी असतं का? आपल्यातलंच कोणी, मराठी बोलणारं?"

"का?"

"आता फोन आला होता. नंबर दिला नाही. देशकर साहेब कोठी हाय, म्हणे. मी म्हटलं, घरी. मग पत्ता विचारला."

शेखरने खिडकीतून खाली रस्त्यावर पाहिलं.

"दिला मी," ती म्हणाली. "चांगला वाटला बोलायला. पायीच येतो म्हणाला."

शेखरने खिडकी लावून घेतली. बायको माहेरी होती. तो कागद घेऊन बसला, तारीख घातली आणि 'मी' एवढं लिहून थांबला. बारा वाजले. एक वाजला. पंख्याखाली कागदाची कड फडफडत होती.

दीड वाजता खालच्या कापड दुकानातल्या सिंधी शेठने जिन्यातून हाक मारली.

"देशकर भैया! कोई मिलने आए हैं. ऊपर भेज दूँ?"

शेखर दारापर्यंत गेला. कडीवर हात ठेवून उभा राहिला.

"कौन है?"

"नाम नहीं बता रहे. इतनी धूप में पैदल आए हैं और हाथ देखो तो बरफ. पानी पूछा तो बोले, पहले साहब लिख लें." शेठ हसला. "भेज दूँ क्या?"

टेबलावरच्या कागदावर अजून 'मी' एवढंच लिहिलेलं आहे.