माया फाईल जोडली आहे

त्या फोरमवर प्रश्न विचारण्याला ‘धागा काढणे’ म्हणतात हे कळलं, तेव्हा तिला हसू आलं. आजवरचं निम्मं आयुष्य तिचं धागे काढण्यातच गेलं होतं — कच्च्या टाक्यांचे, उसवलेल्या बाह्यांचे, गिऱ्हाइकाने ऐन वेळी नापसंत केलेल्या कॉलरचे. त्यात आणखी एक काढायला कसली भीती?

तिने ‘कात्री’ असं नाव घेतलं, फोन इस्त्रीच्या टेबलावर टेकवला आणि एका दमात लिहून टाकलं.

“कोणी प्रोग्रॅमर मदत करील का? मी कोट बेतते. एका वाद्यवृंदातल्या चाळीसेक वादकांचे कोट करायचे आहेत. व्हायोलिनवाल्याचा डावा खांदा वर असतो, चेलोवाला बसून वाजवतो, ट्रंपेटवाल्याची छाती क्षणाक्षणाला फुगते. बाजारातली सॉफ्टवेअरं डावी बाजू बेततात आणि तीच उलटी करून उजवीला लावतात. मला दोन्ही बाजू वेगवेगळ्या बेतणारा कोड हवा आहे. मापं मी देईन. पैसे देता येणार नाहीत, आधीच सांगते. बाजूंना एक इंच, पाठीला दीड. माया”

एवढ्यात इस्त्रीखालून जळका वास आला. ‘माया’पुढे तिला ‘सोडायला विसरू नका’ असं लिहायचं होतं. पण एका हाताने इस्त्री उचलताना दुसऱ्या हाताचं बोट ‘पाठवा’वर पडलं आणि वाक्य तसंच अर्धवट गेलं. शिवणकाम करणाऱ्या कुणालाही कळलं असतं म्हणा. माया म्हणजे शिलाईच्या आत राखलेलं जादा कापड. माणूस सुटला तरी कोट सैल करता यावा म्हणून. पण फोरमवर शिवणकाम करणारं होतं कोण?

दुकान आत्याचं. तिने भाचीच्या हातात खडू दिला तो दहावीच्या सुट्टीत, आणि मग परत घेतलाच नाही. स्वतः आत्या नुसत्या नजरेने कोट बेतायची. पण मागच्या उन्हाळ्यात पायरीवरून पडून तिचं मनगट मोडलं. हाड जुळलं, खडू मात्र बोटांत ठरेना. त्याच सुमारास वाद्यवृंदाचे व्यवस्थापक आले. काटकुळे, घाईत असलेले गृहस्थ. म्हणाले, “कार्यक्रमाच्या आधी सगळे कोट मिळाले तर काम तुमचं. नाहीतर मी तयार कोट आणतो.”

ते गेल्यावर आत्या बराच वेळ मशीनवरची धूळ पुसत राहिली.

“हे काम गेलं तर दुकान बंद करू या,” ती म्हणाली. “उगाच ओढत न्यायचं नाही.”

“जाणार नाही.”

“एकटीने चाळीस माणसं बेतणार आहेस? डावी वेगळी, उजवी वेगळी?”

“बेतणार आहे. तयार कोट घालून ते व्हायोलिन उचलतील आणि सगळ्यांचे शर्ट बाहेर येतील. ते मी बघू शकत नाही.”

ती असं बोलली की विषय संपतो, हे आत्याला अनुभवाने ठाऊक होतं.

फोरमवर मात्र तिचं स्वागत थंड झालं. एकाने विचारलं, आधी स्वतः काय करून पाहिलंत? दुसरा म्हणाला, फुकट काम करून घ्यायला इथे येऊ नका. तिसऱ्याने तिने नको म्हटलेल्या सॉफ्टवेअरचाच पत्ता दिला. तिने प्रत्येकाला नीट उत्तर दिलं. करून पाहिलं त्या कागदांचे फोटो टाकले. हटली नाही. आणि मग ‘अर्धविराम’ नावाच्या कुणीतरी लिहिलं —

“डावी आणि उजवी बाजू सारखी नसते असं ठामपणे सांगणारं माणूस इथे पहिल्यांदा भेटलं मी करून बघतो”

तिने ते दोनदा वाचलं. मग लिहिलं, “नाव अर्धविराम, आणि लिहिताना साधा स्वल्पविरामही नाही?”

“दिवसभर कोडमध्ये द्यावे लागतात एक चुकला की सगळं अडतं इथे तरी मोकळं बोलू द्या”

तिला ते आवडलं. का आवडलं, ते मात्र तिने त्या दिवशी स्वतःलाही विचारलं नाही.

तो पाच तासांवरच्या एका शहरात पाणीपुरवठा खात्यात बिलांचे प्रोग्रॅम लिहायचा. “तिथे चुकलं तर शिव्या बसतात आणि बरोबर आलं तर कोणी काही म्हणत नाही म्हणून इथे येतो,” असं त्याने कळवलं. त्याचे प्रश्न लहान मुलासारखे असत. काखेची खोली म्हणजे नक्की कुठून कुठे? बाही खांद्याला जोडताना ती खांद्यापेक्षा मोठी का? मोठी असेल तर बसते कशी?

“चुण्या न पडू देता हळूहळू सामावून घ्यायची,” तिने सांगितलं.

“हे कोडमध्ये कसं लिहू”

“लिहू नका. ते हाताने करायचं असतं. तुम्ही फक्त मोठी ठेवा.”

“बरं,” तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, “छान असतं हो तुमचं काम…”

चार दिवसांनी निरोप आला, “माया फाईल जोडली आहे बघा”

तिने वाचलं — मायेची फाईल जोडली आहे. किती लक्ष देऊन काम करतो हा माणूस, असं तिच्या मनात आलं. तिने त्याच भरवशावर कागद छापले, चिकटवले, आणि दुकानातल्या सगळ्यांत चांगल्या काळ्या कापडावर ठेवून डबलबासवाल्याचा कोट कापला. डबलबास वाजवणारा माणूस त्या वाद्याच्याच घडणीचा होता. तो ट्रायलला आला, कोटात शिरला आणि हात पुढे घेतला. पाठीची शिलाई टरकन गेली.

तिने शिलाई उलटून पाहिली. आत धाग्यापुरतंसुद्धा कापड नव्हतं. सोडायला काही शिल्लकच नव्हतं. वादक बिचारा माझंच चुकलं असेल म्हणाला आणि निघून गेला. आत्याने जमिनीवर पडलेला तुटका दोरा उचलून टोपलीत टाकला. तिने फोन घेतला.

“माया कुठे आहे?”

उत्तर लगेच आलं. “म्हणजे काय तुम्हीच विचारताय”

“थट्टा पुरे. कापड वाया गेलंय माझं. तुम्हीच लिहिलंत ना, माया फाईल जोडली आहे?”

 मग —

“हो. म्हणजे, माया, फाईल जोडली आहे. तुमचं नाव माया ना? पोस्टच्या शेवटी सही होती.”

त्याने तिला लिहिताना पहिल्यांदाच स्वल्पविराम दिला होता, आणि तो इतक्या उशिरा. ती स्टुलावर बसली. रडू यायचं होतं, पण हसू फुटलं, आणि एकदा फुटल्यावर आवरेना. आत्या काय झालं म्हणून आली. ते ऐकून तीही मशीनला टेकून हसली.

“मूर्ख आहात दोघंही,” आत्या डोळे पुसत म्हणाली. “आता त्या कोटाचं काय?”

“बासरीवाला बारीक आहे. उसवते आणि त्याच्यासाठी पुन्हा बेतते. कापड वाया नाही जाऊ द्यायचं.”

तिने त्याला माया म्हणजे काय ते सविस्तर कळवलं, आणि स्वतःचं खरं नावही. तो म्हणाला, “हेही नाव चांगलं आहे. पण मला सवय व्हायला वेळ लागेल.” त्यात दोन पूर्णविराम होते. आणि पुढे, “यापुढची चाचणी चांगल्या कापडावर नको. माझ्या अंगावर करा. मापं पाठवतो.”

मापं त्याने स्वतःच घेतली होती. तिने ती पाहिली आणि कपाळाला हात लावला.

“छाती अडतीस? श्वास रोखून घेतलीत ना?”

“नाही,” आणि मग, “थोडासा.”

“सरळ उभे राहा, कोणाकडून तरी खांद्यांची मापं नीट घ्या आणि पुन्हा पाठवा. मला खोटी माणसं बेतता येत नाहीत.”

दुसरी मापं खरी होती. ती कोडमध्ये भरून तिने मांजरपाटाचा कच्चा कोट शिवला आणि पुतळ्यावर चढवला. डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी, आत भरपूर माया. एकही चुणी नाही. तिने फोटो पाठवला. “कोड बरोबर आहे. तुमचा उजवा खांदा पाऊण इंच खाली आहे. बॅग दुसऱ्या खांद्यावर घेत चला.”

“इतक्या वर्षांत घरीसुद्धा कुणाच्या हे लक्षात आलं नाही,” त्याने लिहिलं.

तिथून काम धावत सुटलं. मापं घ्यायची, छापायचं, कापायचं. आत्या काजं करू लागली. तेवढं तिच्या बोटांना जमत होतं. मांजरपाटाचा कोट मात्र पुतळ्यावरून उतरला नाही. दुकान बंद करताना ती त्याची कॉलर सारखी करायची, खांद्यावरचे दोरे झटकायची.

“किती झटकशील त्याला?” आत्याने एकदा विचारलं. “आत कोणी नाहीये.”

ती लालबुंद झाली आणि शटर ओढायला लागली.

इकडे फोरमचे संपादक मागे लागले होते. उत्तर मिळालं असल्यास धागा बंद करावा. तिने लिहिलं, अजून काम चालू आहे. तेव्हा बासरीवाल्याचा कोटसुद्धा तयार होऊन खोक्यात गेला होता. गंमत म्हणजे अर्धविरामानेही खाली लिहिलं, “बाहीचा एक कोन तपासायचा राहिला आहे.” असा कोणताही कोन राहिलेला नव्हता. ते दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही कामात असल्याचं सोंग करत होते. धागा बंद झाला की बोलायचं कशावरून, हा खरा पेच होता.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सभागृहात तालीम होती; हे तिने धाग्यावर लिहिलंही होतं. बाहेर बारीक पाऊस पडत होता. कोटांची खोकी ओली होऊ नयेत म्हणून तिने स्वतःची छत्री खोक्यांवर धरली होती आणि ती स्वतः भिजली होती. वादकांनी कोट चढवले. आत्या पहिल्या रांगेत बसली. ती मात्र मागे उभी राहिली, हाताची मूठ वळून.

सगळ्यांनी एकदम वाद्यं उचलली. सुरांकडे तिचं लक्षच नव्हतं. ती काखा बघत होती, पाठी बघत होती. चाळीस जणांचे हात वर गेले आणि एकाचाही कोट वर चढला नाही. डबलबासवाल्याने वाद्याला मिठी घातली, पाठ ताणली… शिलाई शाबूत. व्यवस्थापक घाईघाईने आत्याजवळ गेले आणि म्हणाले, “पुढच्या वर्षीचे उन्हाळी कोटही तुम्हीच करायचे. आजच सांगून ठेवतो.” तिने मूठ सोडली. तळव्यात नखं रुतली होती.

आणि तेव्हा तिला तो दिसला. मधल्या रांगेत, पाठमोरा, एकटा. बॅग डाव्या खांद्यावर होती, तरी उजवा खांदा खालीच. पाऊण इंच.  ही पाठ तिने खडूने आखली होती, कात्रीने कापली होती, महिनाभर रोज झटकली होती. तिला ओळखायला चेहरा लागला नाही.

ती त्याच्या मागच्या रांगेत जाऊन बसली.

“बॅग बदललीत,” ती हळूच म्हणाली. “बरं केलंत.”

तो इतका दचकला की बॅग खाली पडली. मग वळला. चष्म्यावर पावसाचे थेंब होते, आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

“कसं ओळखलं?”

“पाठ माझीच आहे.” ती चपापली. “म्हणजे… मी बेतलेली.”

तो हसला. ती आधी त्याच्याकडे आणि मग पायांकडे बघू लागली. समोर व्हायोलिनं हलकी झाली होती.

“न सांगता का आलात?” तिने विचारलं.

“धागा बंद करा, हे सांगायला.”

तिचा चेहरा उतरला. तिने तो लपवला नाही. तिला ते जमायचंच नाही. “एवढ्यासाठी पाच तासांचा प्रवास?”

“ऐकून तर घ्या. तो उघडा आहे तोवर मी रोज कारण शोधत बसतो. बाहीचा कोन, कॉलरचा उतार… सगळं केव्हाच तपासून झालंय. मला तुमच्याशी कारणाशिवाय बोलायचंय.” त्याने चष्मा काढला. “मला लिहिताना विराम देता येत नाहीत, आणि समोर आल्यावर शब्द सुचत नाहीत. पण हे ठरवून आलोय.”

तिला वाटलं होतं, असं काही कानावर पडलं तर आपण गोंधळू. ती गोंधळली नाही. कापडावर पहिली कात्री चालवताना जसं मन एका जागी येतं, तसं आलं.

“मला तू आवडतोस,” ती म्हणाली. “मापं यायच्या आधीपासून. कोडसाठी नाही. आणि मला तुम्ही म्हणू नकोस.”

 त्याने फक्त हात पुढे केला, खुर्चीच्या पाठीवरून, आणि तिने तो धरला. बोटांच्या टोकांना खडू होता, तो त्याच्या तळहाताला लागला.

तालीम थांबली तेव्हा आत्या त्यांच्यासमोर उभी होती. तिने आधी धरलेले हात पाहिले, मग त्या मुलाचे खांदे.

“हे कोण?”

“गिऱ्हाईक आहे, आत्या,” भाची हात न सोडता म्हणाली. “कोट करायचाय याचा. खऱ्या कापडाचा.”

“राहतो कुठे?”

“लांब,” तोच म्हणाला. “पण येत जाईन. ट्रायलला.”

“कोटाला दोन ट्रायल लागतात.”

“याला जास्त लागतील,” भाची म्हणाली. “खांदा अवघड आहे.”

आत्याने तो खांदा पुन्हा नीट न्याहाळला, चार बोटांनी कापड चाचपावं तसा.

“लागू देत,” ती म्हणाली. “दुकान कुठे बंद व्हायचंय आता.”