कॅम्प दोनचा पाणक्या

"ओ ताई, कॅम्प दोन हाच ना? मग माझा तंबू कुठंय?"

प्रगतीने शिलाई मशीनवरून मान वर केली. उल्हासनगरच्या भर बाजारात, तिच्या अल्टरेशनच्या दुकानासमोर, उन्हाने रापलेला एक उंच मुलगा सायकल धरून उभा. तंबू म्हणे! इथे पाय ठेवायला जागा नाही, अन् याला तंबू हवा!

"सर्कशीतून आलात का?"

"शर्यतीतून... म्हंजे, उद्या आहे. मॅनेजर म्हणाले, कॅम्प दोनला या."

प्रगतीला हसू आवरेना. सात दिवसांची मोठी सायकल शर्यत उद्या अंबरनाथहून सुटणार होती. तिथल्या मैदानावर संघांचे तंबू पडले होते, कॅम्प एक, कॅम्प दोन अशा पाट्या लावून.

"अहो, आमचं उल्हासनगर अख्खंच कॅम्पांचं! वस्त्यांची नावंच तशी, एक ते पाच. तुमचा तो कॅम्प अंबरनाथला."

तो ओशाळला. घाईने सायकल वळवताना हातगाडीच्या खिळ्यात त्याची निळी जर्सी अडकली आणि खांद्यावर टर्रकन फाटली.

"बसा," प्रगती म्हणाली. मशीनला जीन्सचा सोनेरी दोरा होता, तोच चालवला. गप्प बसणं काही तिच्या स्वभावात नव्हतं. "पहिले येणार का?"

"छे! मी पाणक्या." सांगलीचा वरद हसला. "संघाच्या मागच्या गाडीतनं बाटल्या घ्यायच्या, पाठीच्या खिशात कोंबायच्या, कप्तानाला पोचवायच्या. वारा आला की तो अडवायला त्याच्यापुढं राहायचं. जिंकायचं त्यानं."

"आणि पाणक्याला पाणी कोण देतं?"

"हे... कुणी विचारलं नव्हतं."

जाताना म्हणाला, "टाका टिकला, तर उद्या संध्याकाळी सांगायला येतो."

दुसऱ्या दिवशी प्रगतीने सकाळपुरतं दुकान बंद ठेवलं आणि बदलापूरला बारवीच्या रस्त्यावर जाऊन उभी राहिली. का, ते तिलाही धड सांगता आलं नसतं. जिंकणाऱ्यांपेक्षा तिला त्या पाणक्याचंच कुतूहल! घोळका सूं करून आला. निळ्या पाठींमध्ये एक सोनेरी टाका चमकला. वरद मागे पडला, गाडीशी गेला, आणि पाठीवर बाटल्यांचे उंचवटे घेऊन पुन्हा चढ चढू लागला. तिने हाक मारली. त्याला काही ऐकू गेली नाही.

संध्याकाळी शटर ओढेपर्यंत तिने वाट पाहिली. तो आला नाही.

"गेला उडत!" ती स्वतःशीच फणकारली. पण जीव काही राहीना. इथले दोनच टप्पे. उद्याचा झाला की शर्यत नाशिककडे, आणि तो पुन्हा कधी दिसायचा नाही. एकदा तोंडावर विचारायचंच, तिने ठरवलं.

दुसरा टप्पा बदलापुरात संपला. कप्तान दुसऱ्या क्रमांकावर आला, सगळे त्याच्याभोवती. वरद बऱ्याच मागून आला, आणि घामाने निथळत कडेला एकटाच टेकला.

"काल आला नाहीत," प्रगती समोर जाऊन म्हणाली.

"आलो होतो की!" तो उठून उभाच राहिला. "शिलाईचं दुकान विचारत तासभर फिरलो. जो तो सिंधी दुकानदार म्हणे, 'कौनसी दुकान, साईं?' गल्लीत चार-चार दुकानं! आणि मी येडा... तुमचं नावच विचारलं नव्हतं."

तिचा राग कुठच्या कुठे पळाला. "प्रगती," तिने सांगितलं आणि पिशवीतून कोकम सरबताची बाटली काढली. "घ्या. पाणक्याला पाणी."

तो घटाघटा प्यायला. अर्धं हनुवटीवरून सोनेरी टाक्यावर ओघळलं.

"टाका टिकला," तो म्हणाला.

"माझाच आहे तो. टिकणारच."

"शर्यत संपली की... येऊ?"

"कुठे? कॅम्प दोनला तंबू नाहीये."

"तंबूसाठी कोण येतंय... प्रगतीसाठी येतोय." एवढं बोलून तो कानापर्यंत लाल झाला. मग रिकामी बाटली त्याने पाठीच्या खिशात खोचली. "आणि ही परत द्यायला नको?"

"आमच्यात रिकामं भांडं परत करत नाहीत हं," ती म्हणाली.

"मग काय भरून आणू?"

"काही नको. तुम्ही आलात की भरलं."