करवंटीतलं रक्त

जव्हारला राजाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. जामसरच्या खाचरांत भातकापणी जोरात चालली होती. पेंढी उचलायला म्हणून ढवळू वाकला आणि घोणस त्याच्या पायाला डसली. त्याची बायको माघी काही ऊर बडवत बसणारी नव्हे. पाड्यावरचे चार गडी गोळा केले, नवऱ्याला डोलीत घातलं आणि तडक जव्हारचा दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टरांनी सुजलेला पाय पाहिला, हिरड्यांतून पाझरणारं रक्त पाहिलं.

"लघवी होते का याला?"

"सकाळपासनं नाय. त्याआधी झाली ती काताच्या पाण्यावानी, लालकाळी."

डॉक्टरांनी पाय हलकेच खाली ठेवला. "रक्त पातळ झालंय बाई, गोठत नाही. मूत्रपिंडंही विषानं बंद पडलीत. माझ्याकडे यावर औषध नाही."

आलेल्या वाटेनं डोली परत फिरली.

घरी पांड्या भगत आला. त्याची रीत अशी, की रोज सकाळी जखमेतलं रक्त करवंटीत धरायचं आणि माणसाच्या पायाशी ठेवायचं. गोठलं तर माणूस आपला. "पन सांडू द्यायचं नाय," तो बजावायचा. "सांडलं की मी हात धुतले. आन् दुसऱ्याचा थेंब त्यात नको."

रोज करवंटी पातळच राहायची. ढवळूचं तोंड सुजून डोळे मिटून गेले होते. एका सकाळी करवंटी ठेवून भगत नदीवर गेला, माघी लाकडं आणायला मागं गेली. परत येऊन पाहते तर काय, करवंटी पालथी! रक्त सारवलेल्या भुईत जिरलेलं.

"या मेल्या कोंबडीनंच पालथी केली," ती पुटपुटली. आता भगत उठून जाणार, आणि मग ढवळूला कोण? तिनं विळा उचलला, अंगठ्यावर ओढला आणि करवंटी भरली. आपल्याच माणसासाठी, त्यात पाप कसलं?

भगतानं येऊन करवंटी कलती केली. रक्त दह्यागत थिजलं होतं.

"सुटला गं माघे!"

आणि खरंच, दुपारी ढवळूला लघवी झाली. सूज उतरली, हिरड्या सुकल्या. चार दिवसांत गडी भाकर मागायला लागला. माघी हसली, रडली, पाड्यावर गूळ वाटून आली. सांडल्याचं मात्र तिनं कुणालाच सांगितलं नाही.

फक्त अंगठा काही भरेना. चिंधी बांधावी तर भिजून जायची. मग बांगड्या मनगटात रुतायला लागल्या. मग एका सकाळी ती कुडामागं जाऊन बसली आणि तशीच परत आली. दुसऱ्या दिवशीही तेच. चूळ भरली तर पाणी लाल.

अंगणात कोंबडी दाणे टिपत होती. तिच्याकडे बघता बघता माघीला आठवलं. भगतानं घरात जनावर नको म्हटलं होतं, म्हणून त्या सकाळी तिनं स्वतःच कोंबडी डाल्याखाली घातली होती. वर धोंडा ठेवला होता. लाकडं घेऊन आली तेव्हाही धोंडा जागच्या जागी होता.

घरात तेव्हा ढवळू एकटाच होता.

ती ओटीवर बसलेल्या नवऱ्याकडे बघत राहिली. धडधाकट दिसत होता. कसलंतरी काम मन लावून चाललं होतं.

"अरं," ती म्हणाली, "भगताला बोलाव."

"बोलावतो की." त्यानं मान वर केली नाही. "तुझं तोंड सुजलंय बघ."

"तू काय करतोस?"

त्यानं हातातलं दाखवलं. नवी करवंटी होती, आतून विळ्यानं खरवडून गुळगुळीत केलेली. उठून आला आणि ती तिच्या पायाशी नीट बसवली, हलत नाही ना ते बोटानं दाबून पाहिलं.

मग अंगणात जाऊन कोंबडी धरली, डाल्याखाली घातली आणि वर धोंडा ठेवला.

"या खेपेला हिचं नाव नको उगा," तो म्हणाला.