शिसे : आढळले नाही

विश्वास ठेवायचा नसेल तर नका ठेवू. मी कुणाची मनधरणी करायला आलेली नाही. पण हे माझ्याच बाबतीत घडलंय. रविवारी, भरदुपारी, वीजकेंद्रातल्या कोळसा तपासायच्या लॅबमध्ये.

नव्या खाणीच्या कोळशात शिसं किती, ते मला मोजायचं होतं. करारात किलोमागे वीस मिलिग्रॅमपर्यंत चालतं. त्यावर गेलं की कोळसा परत. इथे जळलेल्या कोळशाची राख आमच्याच वस्तीवर पडते. माझ्या चार वर्षांच्या भाच्याच्या रक्तात शिसं सापडलं होतं.

आमचे जुने साहेब असते तर आकडा गुपचूप खाली आणला असता. आयुष्यभर त्यांनी तेच केलं. महिन्यापूर्वी वारले. खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीत तेव्हापासून कुणी बसत नव्हतं.

यंत्राची ज्योत पेटवली. आधी शिसं मोजून घातलेलं पाणी नळीतून दिलं. आकडा बरोबर आला.

मग कोळशाचा अर्क...

शून्य.

कोळशात अगदी शून्य? नळी धुतली. पुन्हा दिला...

शून्य.

आता आमची नेहमीची युक्ती. थोडा अर्क वेगळा काढून त्यात माझ्या हाताने शिसं मोजून घातलं. आकडा वाढायलाच हवा.

ज्योत एका बाजूला वाकली... कुणी फुंकर घालावी तशी.

शून्य.

मी नळी पुन्हा धुवायला घेतली. तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन.

"ताई, आला का गं आकडा?"

"थांब जरा. यंत्र नखरे करतंय."

"बरं... आणि तिथे खोकतंय कोण?"

मी एकटीच होते.

आकडा पसंत नसला की साहेब खोकायचे. दहा वर्षं ऐकलं होतं मी ते. आता मलाही ऐकू आलं... खिडकीकडून.

घाबरले? घाबरलेच. पण त्याहून जास्त डोकं फिरलं. मेल्यावरही या माणसाचा लबाडपणा सुटत नाही म्हणजे काय!

"साहेब, पुरे झालं," मी मोठ्याने म्हणाले. "आता इथे मी बसते."

सरळ जाऊन त्यांच्या खुर्चीत बसले.

खुर्ची गरम होती...

उठले नाही. खुर्चीसकट सरकत यंत्रापाशी आले आणि नळी शिसं न घातलेल्या साध्या अर्कात बुडवली.

शेहेचाळीस.

पुन्हा घेतलं. शेहेचाळीस. तिसऱ्यांदाही तेच.

रिपोर्टचा कोरा फॉर्म उचलला... तो कोरा नव्हता.

'शिसे : आढळले नाही.' खाली साहेबांची सही. शाई ओली.

मी त्या सगळ्यावर आडवी रेघ मारली. शेहेचाळीस लिहिलं. माझी सही ठोकली.

कोळसा परत गेला. वरच्यांनी माझ्या बदलीचा घाट घातलाय. घालू देत.

एकच सांगते. हल्ली रिपोर्टवर सही करताना कुणीतरी माझं मनगट धरतं. गार, हाडकुळी बोटं... मला भीती वाटते, अगदी घाम फुटतो.

सही वाकडी येते. आकडा मात्र खराच असतो.