कुंकू लागलेली काच

फोटोंवर न्यायालयांचा विश्वास उरला नव्हता, त्या दिवसांतली ही गोष्ट. कुणालाही कुठेही उभं करता येई. फोटोतल्या काचेचा शब्द मात्र अजून चाले. काच खोटी चिकटवता येत नाही, असा समज होता. डॉ. इरावती नाडकर्णींनी तोही मोडला.

"म्हणजे केलंत काय तुम्ही?" सारिका खरातने विचारलं. तिचा नवरा नितीन कुपवाडच्या कारखान्यात पत्रा कापण्याच्या यंत्रात सापडून गेला होता. मालक म्हणत, यंत्रापुढे संरक्षणाची काच होती, ती नितीननेच सरकवली, चूक त्याची. सारिका म्हणे, काच कधी नव्हतीच. पुरावा म्हणून त्यांनी खंडेनवमीच्या पूजेचा फोटो दिला होता. त्यात यंत्रापुढे काच होती आणि काचेआडून नितीन हसत होता.

इरावतीबाईंनी पाण्याच्या ग्लासात चमचा सोडला. "कसा दिसतो?"

"मोडल्यासारखा."

"काचेला स्वतःचं रूप नसतं, बाळ. मागचं ती वाकवून दाखवते, पुढचं थोडं परत फेकते. कुठला किरण किती वाकतो, हे आम्ही फोटोवरून ओळखायला शिकलो. आता हा ग्लास उचलून दुसऱ्या फोटोत ठेवला, की तो तिथलाही चमचा मोडून दाखवतो. हीच काचवेचणी. सरबताच्या जाहिरातींसाठी केली होती."

"चांगलं सरबत पाजलंत!"

बाईंनी फोटो तिच्यापुढे सरकवला. सारिका फोटोवर वाकली.

"पण ही काच कोरी कशी? पूजा मीच केली होती. खंडेनवमीला आमच्यात पान्या-हातोडीलासुद्धा कुंकू लागतं. पात्याला लावलेलं दिसतंय. मग एवढी थोरली काच सोडली असती का मी?"

हाच मुद्दा दोघींनी कोर्टात मांडला. पुढच्या तारखेला मालकांनी 'मूळ, अधिक स्पष्ट' प्रत दाखल केली. तिच्यात काचेवर कुंकवाची दोन बोटं होती, घाईत ओढल्यासारखी फराटलेली. जिथे कुंकू पातळ होतं, तिथून नितीनचा गाल तांबूस दिसत होता. इरावतीबाईंनी किरण न् किरण तपासला. कुठे खोट नव्हती.

"मला सिद्ध करता येणार नाही," कोर्टाच्या व्हरांड्यात त्या म्हणाल्या. "तू मात्र ठाम सांग. तू तिथे होतीस."

सारिका अंगठ्याने बोटांची टोकं चोळत होती.

"लावताना बोटाला गार लागलं होतं, बाई."

"लोखंड गारच असतं."

"काचही गार असते ना हो?"

आतून पट्टेवाल्याने तिचं नाव पुकारलं.