तारेखालून बाजूला

त्या शनिवारी सकाळी कवळीकाका बाजारात गेले ते तांब्याची तार आणायला. हसू नका रे, त्यांचं नावच तसं पडलं होतं. दातांच्या कवळ्या बनवायचे ते. तुमच्या आजोबांचं फोटोतलं हसू आहे ना, ते कवळीकाकांच्या हातचं. मेणाचा दात कोरताना श्वाससुद्धा बेतानं घेणारा माणूस. आणि त्याच हातांनी रात्री रेडिओ घेऊन बसायचे. ऐकायचा नव्हे, बोलायचा रेडिओ, रीतसर परवाना असलेला. ए, तो मोबाइल खाली ठेव बरं आधी. उजेड तोंडावर येतो आणि गोष्टीचा विचका होतो.

तर काकांना नाद होता लांब लहरींचा. त्यातली एकेक लहर दोन-दोन किलोमीटर लांब. तिच्या मापाची अँटेना उभारायची म्हणजे अख्खं गाव ओलांडून तार न्यायला हवी. ते कसं जमणार? मग मागच्या अंगणात एक उंच खांब, त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली तार, खांबाच्या बुडाशी पिंपाएवढी कॉइल, आणि जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या तारा. जमिनीत जितक्या जास्त तारा, तितकी हाक लांब जाणार. चार वर्षं हा माणूस अंगण उकरत होता. समुद्रापलीकडे एक म्हातारा होता, बोटीवरच्या नोकरीतून निवृत्त झालेला, त्याच्यापर्यंत आपली हाक पोचावी एवढंच वेड. आणि ती काही केल्या पोचत नव्हती.

अंगण उकरायला जोडीला कोण, तर काकू. हातात कुदळ आणि तोंडाचा पट्टा चालू. "लोक अंगणात फुलं लावतात, आम्ही तारा लावतो. उगवल्या की सांगा हो मला!" असं म्हणायच्या आणि खणायच्याही. रोज जेवायला बोलवायला आल्या की विचारायच्या, "लागला का हो तुमचा माणूस?"

आता एक गोष्ट नीट ऐका, पुढचं सगळं तिच्यावर आहे. अशा अँटेनाच्या जवळ माणूस येऊन उभा राहिला की तिची जुळणी बिघडते. काकांच्या टेबलावर एक काटा होता, तारेत वीज किती जाते ते दाखवणारा. तारेखाली कुणी आलं की काटा खाली, गेलं की वर. काकू कपडे वाळत घालायला निघाल्या की काकांना आत बसल्याबसल्या कळायचं. काकूंचा गुडघा दुखायचा, दोन पावलं टाकून थांबायच्या. काटाही तसाच. जरा खाली, थांबला. जरा खाली, थांबला. मग काका आतून ओरडायचे, "बाजूला हो गं!" आणि काकू म्हणायच्या, "झाले हो झाले! मेलं एवढ्या अंगणात मलाच तेवढी जागा नाही."

गेल्या पावसाळ्यातली एक संध्याकाळ. काका आत, आणि काटा असाच खाली आला. "बाजूला हो गं!" काटा वर येईना. पुन्हा ओरडले, या खेपेला चांगलंच खेकसून. तरी काटा खालीच. मग तणतणत बाहेर गेले. काकू तारेखाली पडल्या होत्या, शेजारी बादली कलंडलेली. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला, पडल्यावर त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. पण काकांच्या मनातून ते जाईना. इतक्या वर्षांचा संसार, आणि बायकोच्या कानावर नवऱ्याचा शेवटचा शब्द काय पडला, तर बाजूला हो. माणूस आतून पार खचला. मी त्यांच्या शेजारच्या घरातला, मला म्हणायचे, "एकदा, फक्त एकदा मला तो शब्द मागे घेता आला पाहिजे."

रेडिओवर धूळ साचली. जानेवारीत मुलगी आली आणि तिनं टुमणं लावलं, "बाबा, पुन्हा सुरू करा. आईनं एवढं खणलंय ते वाया घालवू नका." म्हणून ती तार आणली. बापलेकीनं दिवसभर खणून ती पुरली, जोडली, कॉइल नव्यानं जुळवली. संध्याकाळच्या गाडीनं मुलगी गेली. जाताना तिनं पाहिलं तर काटा एवढा वर चढला होता, की चार वर्षांत कधी चढला नव्हता.

जानेवारीतला दुसरा शनिवार तो. आकाशात चंद्र नाही. थंडी अशी, की दहालाच गल्ली चिडीचूप. दव पडत होतं. रात्री पावणेदोनला काकांनी हाक पाठवायला घेतली. लांब लहरींवर सगळा कारभार सावकाश असतो. एक अक्षर जायला मिनिट लागतं, आणि पलीकडचं उत्तरही पडद्यावर रेघारेघांनी उमटतं. काका काट्याकडे बघत बसले होते.

काटा खाली आला.

जरासाच. मग थांबला.

काकांना वाटलं, दव असेल. दवानं वीज गळते कधीकधी.

पुन्हा जरा खाली. थांबला.

मांजर? छे. मांजरानं एवढा फरक पडत नाही.

पुन्हा खाली... थांबला...

ती चाल त्यांनी ओळखली.

काय म्हणालास? खिडकीतून बघितलं का नाही? अरे, खिडकी समोरच होती. हात लांब केला असता तर पडदा सरकला असता. पण बघितलं... आणि नसली, तर? नाही बघितलं त्यांनी. नुसते बसून राहिले. काटा अगदी तळाशी. तारेखाली कुणीतरी उभं होतं... आणि हलत नव्हतं.

किती महिने घोकलं होतं त्यांनी. चुकलो गं. उभी राहा. हवा तितका वेळ उभी राहा. सगळं ओठांवर आलं. तोंड उघडलं...

आणि तेवढ्यात पडद्यावर रेघ उमटायला लागली. पलीकडून. आधी एक अक्षर, मग दुसरं. काकांच्याच परवान्यावरची खूण! काटा उतरण्याआधी गेलेली हाक म्हाताऱ्याला ऐकू गेली होती. चार वर्षांनी. आता लगेच उत्तर द्यायला हवं, नाहीतर तो हातचा गेला. काकांनी घाईघाईनं पाठवायचं बटण दाबलं. काटा तळाशी. वीज जाईना. पलीकडचा थांबलाय. आणि इतक्या वर्षांची सवय लागलेली जीभ... ती कुणाला विचारते?

"बाजूला हो गं!"

...

काटा वर गेला.

एका दमात. मध्ये कुठंही न थांबता.

काय बोललो ते काकांना तेव्हा कळलं. खुर्ची मागे आपटली. मागच्या दारानं धावत बाहेर, अनवाणी. "नाही गं... तसं नाही... अगं, ये ना... ये..." आमच्या घरात ऐकू आलं ते. मी अंथरुणात उठून बसलो. माणसाचा तसा आवाज पुन्हा ऐकायची वेळ येऊ नये, बाबांनो. अंगणात कुणी नव्हतं. वर तार होती आणि खाली गारठा.

आत येऊन त्यांनी सगळी बटणं बंद केली. पलीकडचा अजून हाका मारत होता, त्याचं अक्षर अर्धंच राहिलं. मग खिडकीला लागून असलेल्या टेबलावर डोकं टेकून ते उजाडेपर्यंत रडत राहिले. देवानं एकदा संधी दिली होती, तीही त्याच शब्दानं घालवली.

सकाळी मी चहा घेऊन मागच्या बाजूनं गेलो. दवानं सगळं पांढरं झालं होतं. गवत, खांब, खिडकीबाहेरचा सिमेंटचा लांब कट्टा. त्या कट्ट्यावर छप्पर नाही, उघडाच आहे तो. तारेपासून दूर, घराच्या भिंतीला लागून. तिथं कुणी बसलं तर काट्याला पत्तासुद्धा लागत नाही.

आत काकांनी जिथं डोकं टेकलं होतं, त्याच्या बरोबर पलीकडे, त्या कट्ट्यावर, एक जागा कोरडी होती. एका माणसाला बसायला पुरेल एवढी.

मी काकांना हाक मारली. ते आले. बघितलं. त्या कोरड्या जागेवर हात फिरवला. मग तिच्या शेजारी, दवातच, बसले. चहा निवून गेला. ऊन वर आलं, सगळा कट्टा वाळला, कोरडं कुठलं न् ओलं कुठलं ते ओळखू येईना. तरी ते तसेच कडेला सरकून बसले होते, शेजारची जागा मोकळी ठेवून.