जिन्यावरचं दुसरं बटण

जिना असलेल्या घरात मी आधी जिनाच तपासतो. खाली एक बटण, वर एक बटण, आणि दिवा दोन्हीकडून लागायला-विझायला हवा. नियम एवढा साधा आहे. तरी लोक चार मीटर वायर वाचवतात आणि जन्मभर अंधारात चाचपडतात. अशांना मी तोंडावर बोलतो. तेवीस वर्षं वायरमन आहे, घरी माझं ऐकून घेणारं कुणी नाही, म्हणून सगळं लोकांच्या घरीच बोलून घेतो.

हे काम काकूंच्या मुलीने फोनवरून दिलं होतं. वडील गेल्यापासून काकू एकट्या राहायच्या. गुडघे कामातून गेलेले, आणि जिना दोन भिंतींच्या मधे कोंबलेला, भर दुपारी काळोख.

"जिना ठीक आहे असं तुम्ही सही करून दिलंत, तर राहू दे तिला. नाहीतर मी तिला इकडे घेऊन येणार," मुलगी म्हणाली होती.

काकूंना जायचं नव्हतं. हे त्यांनी दार उघडता उघडताच सांगून टाकलं.

बटण फक्त खाली होतं. "मग वर गेल्यावर दिवा कसा बंद करता?" मी विचारलं.

"मी कशाला करू? मी पोचले की होतो."

त्यांनी चढून दाखवलं. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकत त्या वर पोचल्या आणि दिवा विझला. बटण खाली माझ्या नाकासमोर, चालूच होतं.

मी ते उघडलं. दोनच वायरी, घट्ट कसलेल्या. होल्डर बदलला, बल्ब बदलला. वरची भिंत ठोकून पाहिली, आत काही नव्हतं. काकू पुन्हा चढल्या, दिवा पुन्हा विझला. मी एकटा चढलो तेव्हा मात्र तो जळतच राहिला.

"तुमच्यासाठी नाही विझणार," काकू म्हणाल्या. "मी नीट वर आले की नाही, हे आमचे हे रोज बघायचे. मुलीला सांगू नका हं. माझी सोबत जाईल."

मला भीती वाटली. आणि खोटं कशाला बोलू, हेवाही वाटला. माझ्या घरात मी लावलेला दिवा मी बंद करेपर्यंत तसाच जळत असतो.

पण नियम तो नियम. वर बटण असल्याशिवाय सही करणार नव्हतो. भिंतीवर पट्टी ठोकली, तीन वायरी वर नेल्या, दुसरं बटण बसवलं.

"बघा, आता तुमचं काम सोपं झालं."

"माझं कसलं, त्यांचं झालं," काकू हसल्या.

दोन्ही बटणं तपासली, कागदावर सही केली आणि त्याचा फोटो मुलीला पाठवला. मग खालून दिवा बंद केला.

तो लागला.

वर कुणी नव्हतं. काकू माझ्या शेजारी उभ्या होत्या. मी पुन्हा बंद केला. वर बटणाचा आवाज झाला आणि दिवा लागला.

"बोलावताहेत," काकू म्हणाल्या आणि कठडा धरून चढायला लागल्या.

"काकू, थांबा."

त्या थांबल्या नाहीत. निम्म्या जिन्यात असताना दिवा विझला.

मी खालचं बटण दाबलं. दिवा लागतो न लागतो तोच वरून बंद झाला. पुन्हा दाबलं. पुन्हा बंद.

"राहू द्या हो," अंधारातून काकूंचा आवाज आला. अगदी शांत. "हात धरलाय मला."

माझा पाय पहिल्या पायरीवर होता. तो पुढे उचलेना.

खिशातला फोन वाजला. मुलगी होती.

"फोटो मिळाला. म्हणजे आई आता तिथे एकटी राहिली तरी चालेल ना?"

वरच्या खोलीत चालण्याचा आवाज येत होता. दोघांचा.

"हो," मी म्हणालो.